पंधरा मिनिटांत २५२

तीच तक्रार तिसऱ्यांदा उघडली तेव्हा तिकीट माझ्या नावावर आलं. आमच्या फायबरच्या रिंगमधल्या एका नोडवरून, म्हणजे एका केंद्रावरून, मोबाइलच्या तीन साइट चालायच्या. तिन्हींवर दुपारी क्लॉक रेफरन्सचा, म्हणजे साइट ज्याच्या तालावर चालते त्या बाहेरच्या घड्याळाचा, अलार्म यायचा, चालत्या गाडीतले कॉल एका साइटकडून दुसरीकडे जाताना तुटायचे, आणि रात्री सगळं आपोआप ठीक. माझ्याआधी दोघांनी बघितलं होतं. दोघांनीही ई-१ वर, म्हणजे नोडवरून साइटकडे जाणाऱ्या डिजिटल लाइनवर, लूप टाकून (पाठवलेलं परत फिरवून) बिट एरर टेस्ट चालवली, एरर शून्य आले, 'ट्रान्समिशन ओके' असा शेरा लिहून तिकीट बंद केलं. त्यांची टेस्ट चुकीची नव्हती. पण ती बिट हरवला का एवढंच सांगते. तो वेळेवर पोचला का, हे सांगत नाही.

त्या नोडवर काही महिन्यांपूर्वी जुना मल्टिप्लेक्सर, म्हणजे अनेक लाइनी एका फायबरवर चढवणारं यंत्र, काढून नवा बसवला होता. जुना जवळजवळ अख्खं रॅक व्यापायचा. नवा १ यू, म्हणजे साडेचार सेंटिमीटरही उंची नाही, आणि तेवढ्या डब्यात चार ऑप्टिकल पोर्ट, क्रॉस कनेक्ट आणि ६३ ई-१. एका ई-१ वर ३० कॉल धरले तर १,८९० जणांचं बोलणं. मला ही छोटी यंत्रं मनापासून आवडतात. वीज कमी खातात, एक माणूस उचलून नेऊ शकतो. पण जुन्या रॅकमध्ये क्लॉकचं वेगळं कार्ड असायचं आणि त्याला स्वतःचा दिवा असायचा. दार उघडलं की क्लॉक लॉक आहे की नाही हे लांबून कळायचं. या डब्याच्या तोंडावर पोर्टचे दिवे सोडले तर दोनच: पॉवर आणि अलार्म. क्लॉक आत बोर्डावर गेलं आणि नजरेआड झालं.

मी मुद्दाम दुपारी पोचलो. पॉवरचा दिवा हिरवा, अलार्मचा बंद. डबा बरोबर रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीची डीसी वीज करणाऱ्या तापट यंत्राच्या, वर बसवलेला, कारण रॅकमध्ये तेवढीच फट मोकळी होती. वरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. लहान यंत्राचं हे नेहमीचं दुखणं आहे: मावतंय ना, मग बसवा, असं होतं.

लॅपटॉप लावला. ऑप्टिकल पॉवर चांगली, लाइनवर एरर नाहीत, ई-१ ज्यात भरून जातो त्या व्हीसी-१२ च्या पॅरिटी तपासणीतही काही नाही. मग परफॉर्मन्सची ती पानं उघडली जी एरवी कुणी उघडत नाही. पॉइंटर जस्टिफिकेशन. पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे: २५१, २५३, २५२, २५२. सगळे एकाच दिशेचे, उलट दिशेला एकही नाही. आदल्या रात्रीचे आकडे साठ-सत्तरच्या घरात.

हा आकडा बघून मी खुर्ची ओढून बसलो. एसडीएचमध्ये, म्हणजे आमची रिंग ज्या पद्धतीने चालते तिच्यात, प्रत्येक नोड दर १२५ मायक्रोसेकंदांना एक फ्रेम पाठवतो, सेकंदाला ८,०००. दोन शेजारी नोड एकाच तालावर असतील तर ई-१ चा डबा, म्हणजे व्हीसी-१२, फ्रेममध्ये आपल्या जागी बसून राहतो. एकाचं घड्याळ किंचित पुढे-मागे असेल तर फरक साचत जातो, आणि पुरेसा साचला की पॉइंटर त्या डब्याला एक बाइट सरकवतो. बिट एकही हरवत नाही, म्हणून एरर टेस्ट स्वच्छ येते. दिशा दोन्हीकडे हलत असती तर मी थोडा डळमळीतपणा समजलो असतो. एकाच दिशेला, इतक्या नियमाने, याचा अर्थ एकच: दोन नोडची घड्याळं वेगळी चालली होती.

किती वेगळी, हे वहीच्या मागच्या पानावर काढलं. २५२ वेळा ८ बिट म्हणजे २,०१६ बिट. ९०० सेकंदांनी भागले तर सेकंदाला २.२४ बिट. व्हीसी-१२ चा वेग सेकंदाला २.२४ मेगाबिट. म्हणजे फरक बरोबर दहा लाखांत एक. इतकं नेटकं उत्तर आलं की मी गुणाकार पुन्हा करून बघितला.

मग सिंक्रोनायझेशनचं पान उघडलं. होल्डओव्हर. एकोणीस दिवसांपासून.

तारीख बघताच सगळं जुळलं. त्या दिवशी तिथे फायबरचं काम झालं होतं. पश्चिमेकडची लाइन पोर्ट १ वरून पोर्ट ३ वर हलवली. ट्रॅफिक हलवला, पण क्लॉक रेफरन्स पोर्ट १ वरच राहिला, आणि दुसरी प्राथमिकता थेट आतल्या ऑसिलेटरची, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या क्रिस्टलची. रेफरन्स गेल्याचा अलार्म आला असणारच. पण कामाच्या वेळी अलार्मचा पाऊस नको म्हणून या नोडवर मास्क टाकला होता, म्हणजे अलार्म दाबून ठेवले होते, आणि काम संपल्यावर तो कुणी काढला नाही.

होल्डओव्हरमध्ये यंत्र आठवणीवर चालतं. शेवटचा चांगला ताल धरून ठेवतं, म्हणून पहिले काही दिवस कुणाला काही जाणवलं नाही. ती आठवण हळूहळू ढळते, आणि क्रिस्टल तापला की जास्तच. खाली रेक्टिफायर, बाहेर दुपार. बेस स्टेशनला मात्र आपली फ्रिक्वेन्सी ०.०५ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.०५) आत ठेवावी लागते, आणि तिथली मंडळी ताल ई-१ वरूनच घेत होती. ८ बिटांची एक उडी म्हणजे जवळपास ४ मायक्रोसेकंद. यंत्र ती घासूनपुसून बाहेर सोडतं, पण साडेतीन सेकंदांना एक अशा उड्या दुपारभर येत राहिल्यावर बेस स्टेशनने तो रेफरन्स नाकारला, यात नवल नाही.

आता फक्त पोर्ट ३ निवडायचा होता. तरी हात आवरला. पश्चिमेचा नोड आमच्याकडूनच क्लॉक घेत असेल तर दोघं एकमेकांकडे बघून चालायला लागतील आणि दोघंही मिळून भरकटतील. तिथल्या सहकाऱ्याला फोन लावला.

"तुमचं क्लॉक कुठून येतंय?"

"मेन एक्स्चेंजच्या बाजूने. का हो सर?"

"दुसरी प्राथमिकता?"

तो बघायला गेला. परत आला तेव्हा आवाज जरा बदलला होता. "सर, दुसरी तुमच्याकडचीच आहे. आणि एसएसएम बंद आहे."

म्हणजे एक्स्चेंजकडची फायबर तुटली असती तर तेच झालं असतं. एसएसएम, म्हणजे क्लॉक कितपत भरवशाचं हे सांगणारा संदेश, चालू असेल तर ज्या नोडकडून आपण क्लॉक घेतो त्याला आपण 'माझ्याकडून घेऊ नको' असं एस-१ बाइटमधून सांगतो. त्याला तिकडे चालू करायला लावलं, मी इकडे चालू केलं, मग पोर्ट ३ पहिल्या प्राथमिकतेवर टाकला आणि मास्क काढला. काही मिनिटांनी स्थिती 'लॉक्ड' झाली.

चालू पंधरा मिनिटांत आकडा १३४ वर थांबला. मी रीफ्रेश करत राहिलो, १३४. पुढची पंधरा मिनिटं शून्य. त्यापुढची शून्य. तासाभरात तिन्ही साइटवाल्यांचे फोन आले, रेफरन्स परत धरलाय म्हणून.

निघण्याआधी रेक्टिफायर आणि डबा यांच्यात तीन यूची जागा सोडायला कागदावर लिहून दिलं, आणि तिथेच बसून रिंगमधल्या सगळ्या नोडच्या मास्कची यादी काढली. आणखी एका नोडवर त्याच तारखेचा मास्क तसाच होता. मी पुन्हा फोन उचलला.