दोन्हीकडचे आजारी

पायलट भरती म्हटलं की लोकांना गणवेश, मुलाखत आणि सिम्युलेटर आठवतो. मी एका मोठ्या विमान कंपनीत याच टेबलावर काम करते. माझं निम्मं आयुष्य बेरजा तपासण्यात जातं.

पायलटच्या उड्डाणांची वही, म्हणजे लॉगबुक, युटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. मुंबईहून 12 तारखेला पहाटे दोनला निघालेलं विमान लॉगबुकात 11 तारखेला 20.30 ला निघतं. खरं उडवणाऱ्याच्या वहीत तारीख आपोआप मागे जाते. घरी बसून तास रंगवणाऱ्याची इथेच हमखास गोची होते. मग पानाखालची बेरीज पुढच्या पानावर नीट गेली आहे का, एकच विमान एकाच वेळी दोन गावांत दिसतंय का, भर जुलैत धुळ्याला किंवा बारामतीला एका दिवसात सात तास सेसना उडवल्याची नोंद आहे का, हे बघायचं. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्सला, 1500 तास लागतात, त्यात रात्रीचे 100. आता सगळं ईजीसीए या सरकारी पोर्टलवर असतं, तरी मी जुन्या वह्या मागवतेच. 2011 मध्ये गोव्याला एक विमान नाकाच्या चाकावर उतरलं, त्याची चौकशी लागली आणि खोट्या गुणपत्रिकांवर मिळवलेली लायसन्सं बाहेर पडली. तेव्हापासून ‘मॅडम, सिस्टीममध्ये आहे ना सगळं’ असं कोणी म्हटलं की मी आणखी दोन पानं उलटते.

गोष्ट नोव्हेंबर 2025 मधली. डिसेंबरात जिचं नाव रोज पेपरात येत होतं ती कंपनी आमची नव्हे, पण कॅप्टन सगळ्यांनाच कमी पडत होते. नव्या नियमांनी जुलैपासून पायलटची आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली होती. 1 नोव्हेंबरला दुसरा टप्पा आला आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, डीजीसीएने, हे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर केले होते. मधला काळ कंपन्यांनी नियम पुढे ढकलले जाण्याची वाट बघण्यात घालवला. मग एकदम धावपळ सुरू झाली आणि बाहेरून तयार कॅप्टन घ्यायचं ठरलं.

कंपनीच्या घरात मात्र कमांड अपग्रेडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, यादीवर एफओ, म्हणजे उजव्या सीटवरचे सहवैमानिक, ताटकळत होते. तास पुरे, एटीपीएल हातात, तरी ‘ट्रेनिंग स्लॉट नाहीत’ हे उत्तर. ते अगदीच खोटं नव्हतं. एक एफओ अपग्रेडला काढला की उजवी सीट रिकामी होते, सिम्युलेटर अडतो, वर प्रशिक्षक कॅप्टनचे दिवस जातात. पण बाहेरच्या कॅप्टनांच्या मुलाखतींना हेच प्रशिक्षक बसतात आणि त्यासाठी मात्र त्यांचे दिवस निघतात, हे त्या पोरांना दिसत होतं.

मुलाखतींच्या दिवशी सव्वासातला पायलटांच्या ड्युट्या लावणाऱ्या क्रू कंट्रोलमधून फोन आला.

“मॅडम, तुमच्या बोर्डावरचे दोन्ही ट्रेनर सोडा.”

“सोडा म्हणजे? साडेनऊला चार कॅप्टन येताहेत.”

“एफओ सिक आहेत, रात्रीपासून रांग लागलीय. स्टँडबाय सगळे लावून झाले. साहेबांशी बोललोय.”

बाहेरच्यांना यातली मेख कळणार नाही. साध्या कॅप्टनला उठवून उजव्या सीटवर बसवता येत नाही, त्याचं वेगळं प्रशिक्षण आणि तपासणी लागते. प्रशिक्षक दोन्ही सीटवर चालतात. म्हणजे एफओ गायब झाले की पहिला बळी माझा मुलाखतीचा बोर्ड. ज्या भरतीवर ते चिडले होते नेमकी तीच अडली. हे त्यांनी ठरवून केलं की तसं घडलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

पायलट संप करत नाहीत, आजारी पडतात. संपाला चौदा दिवसांची नोटीस द्यायची, समेटाची बोलणी सुरू झाली की संप बेकायदा. आजारपणाला नोटीस लागत नाही. आणि बरं वाटत नाही म्हणणाऱ्या पायलटला कॉकपिटात बसवायची छाती कोणाची नाही, नसावीही. 2009 च्या सप्टेंबरात जेट एअरवेजचे पायलट असेच आजारी पडले होते, संघटना बांधणाऱ्या दोघांना कामावरून काढल्यावर. 2012 चा एअर इंडियाचा 58 दिवसांचा गोंधळ तर ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणावरून झाला. पगारावर भांडतात असं पेपरवाले लिहितात. माझा अनुभव असा की पायलट सगळ्यात जास्त बिथरतो तो आपल्या पुढे दुसरा कोणी सरकला की.

साडेनऊला चारही उमेदवार हजर. मी दुपारी तीनची वेळ दिली. दोघांना परतीचं विमान होतं, ते गेले. एक जण ‘कळवा’ म्हणून गेला, तो पुन्हा येत नसतो. चौथा थांबला. नाशिककडचा माणूस, दुसऱ्या मोठ्या कंपनीत ए-320 वर कॅप्टन. मुंबई बेस मिळत नाही, वडिलांचं डायलिसिस सुरू, म्हणून इकडे प्रयत्न.

वेळ होता म्हणून मी त्याच्या वह्या सावकाश तपासल्या. अशी लॉगबुकं क्वचित हाताला लागतात. निळ्या शाईत एकसारखं अक्षर, चुकलं तिथे गिरगटलेलं नाही, एक आडवी रेघ आणि शेजारी सही. व्हाइटनरचा ठिपका नाही. पहिली वही गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमधली, तिच्या कडा पावसात भिजून फुगलेल्या. एका जागी मला सहा मिनिटांचा फरक सापडला. मी बोट ठेवायच्या आत तो म्हणाला, “पुढच्या पानावर दुरुस्त केलाय, मॅडम.” केलेला होता.

फॉर्मवर शेवटच्या ड्युटीचा रकाना असतो. मी विचारलं, “आज ऑफ आहे का तुमचा?”

“नाही. सकाळच्या चार फ्लाइट होत्या, चार सेक्टर.” मग आवाज न बदलता, “सिक टाकलंय.”

“रजा नाही मागितली?”

“मागितली होती. नाही मिळाली. आणि कशासाठी हवी ते सांगितलं तर पुढचं वर्षभर रोस्टर कसा येईल ते तुम्हाला माहितीय.”

माहीत होतं. 2017 च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची नोटीस, एफओला सहा महिन्यांची. जुन्या कंपनीने एनओसी दिली तर लवकर सुटका, नाहीतर वर्षभर त्याच लोकांचं तोंड बघत उडायचं. एवढ्या लांब नोटिशीचा धंदा दुसरा मला ठाऊक नाही. प्रवाशांची गैरसोय होऊ नये म्हणून हा नियम केला म्हणतात. तो चुकवून लोक गेलेही. 2023 मध्ये एका नव्या कंपनीला त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. माझा हिशेब वेगळा आहे. आज निवडलेला कॅप्टन मिळणार पुढच्या वर्षी. तेवढ्या अवधीत यादीतला घरचा एफओ डाव्या सीटवर बसून रुळलाही असता. हे मी मीटिंगमध्ये एकदा बोलले होते. ‘तुम्ही कागदांचं बघा’ असं उत्तर मिळालं.

अकराच्या सुमारास साहेब माझ्या टेबलाशी आले, कानाला फोन. पलीकडच्याला सांगत होते, “बेजबाबदार पोरं आहेत. प्रवाशांना वेठीला धरतात. एकेकाचं मेडिकल मागवतो.” फोन ठेवला आणि मला म्हणाले, “तो चौथा आहे ना? त्याला जाऊ देऊ नका. जेवायला घाला. असा माणूस आपल्याला हवा.”

मी म्हटलं, “सर, तेही आज त्यांच्या कंपनीत सिकच आहेत.”

साहेब क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. “ते त्यांची कंपनी बघून घेईल,” म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

फरक काढायचा तर काढता येतो. हा एकटा होता, आमचे झुंडीने. ह्याला घरची अडचण होती, आमच्यांना हट्ट. पण त्याच्याही चार सेक्टरवर कोणालातरी झोपेतून उठवलं असणार, एखादं विमान उशिरा सुटलं असणार, त्यातही कोणाचा पेशंट किंवा परीक्षा असेल. आणि आमच्या आजाऱ्यांत एक एफओ होता ज्याची अपग्रेडची सिम्युलेटरची तारीख आदल्याच आठवड्यात पुन्हा पुढे गेली होती. तो खरंच तापाने फणफणला होता, हे मला त्याच्या बायकोकडून नंतर कळलं. मेडिकल मागवायच्या यादीतून त्याचं नाव काढायला कोणी तयार नव्हतं. उलट संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वांत मोठ्याने गरजणारे दोघे त्या दिवशी वेळेवर रिपोर्ट झाले, आपापली विमानं उडवून घरी गेले.

बोर्ड भरला साडेचारला. एक निवृत्त कॅप्टन सल्लागार म्हणून, एक मानसशास्त्रज्ञ, आणि एक प्रशिक्षक जो दोन सेक्टर उडवून घामट शर्टानेच आला. ‘कंपनी का सोडताय’ विचारलं, ‘नोटीस किती’ विचारलं, वादळी ढगांतून डायव्हर्ट कधी केलंत ते विचारलं. आज इथे कसे आलात, हे कोणी विचारलं नाही. मी माझ्या टिपणात ‘मुलाखतीच्या दिवशी सध्याच्या नोकरीत आजारी रजेवर’ असं एक वाक्य घातलं. फाईल वरून परत आली तेव्हा त्यावर पेन्सिलने बारीक काट होती. सिलेक्टेड.

पुढच्या आठवड्यात दोन प्रकारची पत्रं माझ्या प्रिंटरवरून निघाली. एक त्याचं ऑफर लेटर. दुसरी आमच्या एफओंना: अमुक तारखेच्या आजारपणाबाबत कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि सात दिवसांत प्रमाणपत्र सादर करा. दोन्हींवर सही साहेबांचीच.

त्याच संध्याकाळी नाशिकच्या कॅप्टनचा मेसेज आला. आधी ऑफरबद्दल आभार. खाली: “मॅडम, आमच्या कंपनीने त्या दिवसाचं मेडिकल सर्टिफिकेट मागितलंय. अंधेरीत तुमच्या ओळखीचे कोणी डॉक्टर आहेत का?”

माझ्या ओळखीचे आहेत. आमच्या दोन एफओंनीही त्यांचाच नंबर माझ्याकडे मागितला होता. त्या दोघांना मी दिला नव्हता. ह्याला काय उत्तर द्यायचं ते ठरेपर्यंत निळ्या खुणा उमटून गेल्या होत्या.