चीनहून येणारं लेकरू आणि आपलं घर

रविवार, रात्र

एक्स्चेंज प्रोग्रॅममधून चीनचं पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू घरी राहायला येणार म्हटलं की गल्लीत पहिला प्रश्न एकच निघतो, "खाईल काय?" जेवणाचं कसंही निभतं. अडतं ते फोनपाशी, पाण्यापाशी आणि खोलीच्या दारापाशी. म्हणून आधी फोनचं.

चिनी घरांतलं सगळं बोलणं वीचॅटवर चालतं. भारतानं २९ जून २०२० रोजी ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत वीचॅटही होतं. व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, यूट्यूब हे तिकडं बंद. म्हणजे लेकरू लातूरला उतरलं की त्याला आईशी बोलायला रोजचा एकही मार्ग उरत नाही, आणि हे बहुतेक यजमानांना ते आल्यावरच कळतं. चिनी सिम रोमिंगवर असेल तर वीचॅट कधी चालतं, कधी नाही. त्यावर भिस्त ठेवू नये. बंदी चुकवायचे जुगाडही नकोत. मूल परदेशी, वय लहान, व्हिसा पाहुण्याचा.

खात्रीचं असं तीनच. एक, साधा आंतरराष्ट्रीय कॉल: ८६ लावून पुढं अकरा आकडी मोबाईल नंबर. प्रीपेडवर आयएसडीचा पॅक आधी मारावा लागतो, नाहीतर पाच मिनिटांत बॅलन्स संपतो. दोन, ईमेल. आपल्या जीमेलवरून क्यूक्यू किंवा १६३ या चिनी ईमेल सेवांच्या पत्त्यावर पत्र जातं, फोटोही जातात. तीन, दोन्हीकडं आयफोन असतील तर फेसटाइम. हे तिन्ही त्याच्या आईवडिलांशी निघायच्या आधी करून बघायचं, आल्यावर नाही. चीनची घड्याळं आपल्या अडीच तास पुढं. आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ वाजले की तिकडं बारा. म्हणून घरच्या फोनची वेळ संध्याकाळी साडेसहा-सात, क्लासच्या आधी.

आणखी दोन गोष्टी. अठराच्या आतल्या मुलाला आपल्याकडं सिम मिळत नाही, ते यजमानाच्या नावावर घ्यावं लागतं. आणि चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनवर गूगलचं काहीच नसतं, ना प्ले स्टोअर, ना मॅप. रिक्षात बसून घरी येता यावं म्हणून पत्ता मराठीत लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पाकिटात ठेवायची. भाषांतराचं अ‍ॅप मात्र ऑफलाइन चिनीसकट आपल्या फोनवर उतरवून ठेवावं. शेतावर गेल्यावर रेंज नसते तेव्हा तेच कामाला येतं.

सोमवार

कागद. परदेशी माणूस घरात मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाची सरकारी नोंद करणारा फॉर्म, ज्याला फॉर्म सी म्हणून ओळखतात, तो भरायचा असतो. हे फक्त लॉजवाल्यांचं काम आहे असा आपल्याकडं सार्वत्रिक गैरसमज. घरमालकालाही तो ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी सरकारी पोर्टलवर आधी आपलं खातं उघडून मंजुरी घ्यावी लागते आणि घोटाळा इथंच होतो: पाहुणा सकाळी उतरतो, खातं मंजूर नसतं, चोवीस तास निघून जातात. खातं पंधरा दिवस आधी उघडावं. अडलं तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी नागरिकांचं टेबल असतं, तिथं पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स घेऊन जायचं. व्हिसा एकशे ऐंशी दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर चौदा दिवसांत वेगळी नोंदणीही लागते.

फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवरून बघून, एकेक अक्षर तपासून टाकायचं. चिनी माणूस आडनाव आधी सांगतो, त्यामुळं वांग हे पहिलं नाव समजून भलत्याच रकान्यात जातं. शिवाय ही मुलं एक इंग्रजी नाव लावून येतात, ते पासपोर्टवर नसतं. शाळा, डॉक्टर आणि विमा, सगळीकडं पासपोर्टचंच नाव द्यायचं.

आईवडिलांकडून इंग्रजीत लिहिलेलं उपचारांचं संमतीपत्र मागून घ्यायचं. त्यात अ‍ॅलर्जी, चालू औषधांची मूळ नावं आणि रक्तगट हवा. चिनी औषधांच्या डब्यावरचं आपल्या डॉक्टरला वाचता येत नाही.

बुधवार

लातूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे. पण या लेकराला सांगावं लागतं, आणि पहिल्याच दिवशी. नळ कधी येतो, टाकी किती दिवस पुरवायची, शॉवर का नाही, बादली का. चिनी घरांत अंघोळ बहुतेक रात्री झोपायच्या आधी, आपल्याकडं पहाटे. गीझर किंवा बंब संध्याकाळी लावायचा एवढंच करायचं. सकाळी सहाला उठवून अंघोळीला पाठवलं तर लेकरू रोज ओलं डोकं घेऊन वर्गात झोपतं. बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा द्यावा.

प्यायला माठाचं गार पाणी दिलं तर बहुतेक जण तोंडही लावत नाहीत. त्यांच्याकडं उकळलेलं, कोमट किंवा गरमच पाणी पितात. लिटरभराचा थर्मास भरून खोलीत ठेवला की रात्री दहाला स्वयंपाकघरात भांडी वाजत नाहीत.

संडासाचं कोणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. बसायचं भांडं त्यांना नवीन नसतं, पाणी वापरणं नवीन असतं. कागद लागतो, आणि तो शेजारच्या डब्यात टाकायची सवय त्यांना असते. झाकणाचा डबा ठेवावा. डबा नसला की कागद सेप्टिक टँकमध्ये जातो आणि आठवड्यात टँकरवाला बोलवावा लागतो. आतले कपडे बरीच मुलं स्वतः हातानं धुतात, वेगळं घमेलं लागतं. वाळवायला गच्चीवर दोरी दाखवावी, पण ती रस्त्याच्या बाजूची नको. घरात अनवाणी चालणं त्यांना जमत नाही, साध्या रबरी चपला आणून ठेवाव्यात. शहाबादी फरशी थंडीत आपल्यालाही बोचते म्हणा.

खोलीला आतून कडी पाहिजे. ही मुलं बहुतेक एकुलती एक. दार लावून बसणं म्हणजे रुसणं नव्हे. दर अर्ध्या तासाला आजीनं "काय करायलास?" म्हणत दार ढकललं की दुसऱ्या आठवड्यात लेकरू जेवायलाच खाली येत नाही.

चार्जर चालतो, तिकडं २२० व्होल्ट आहे. चपट्या दोन पिना आपल्या साध्या बोर्डात नीट बसत नाहीत, तिरक्या तीन पिना तर मुळीच नाहीत. अडॅप्टर इथंच घ्या.

शुक्रवार

आता जेवण. कोणत्या प्रांताचं मूल आहे ते आधी विचारावं. सिचुआन, हुनानचं असेल तर आपला काळा मसाला हसत खाईल. ग्वांगडोंगचं असेल तर त्याला शेंगदाण्याची चटणीही जाळेल. चायनीजच्या गाड्यावरचं मंच्युरियन मोठ्या कौतुकानं आणू नये, त्याला ते अनोळखीच असतं. भाकरी पहिल्या दिवशी नको, कोरडी लागते आणि हातानं तोडता येत नाही. चमचा न मागता ठेवावा. भात मोकळा कोलम नको, इंद्रायणीसारखा चिकट, एकास दोन पाणी. सकाळी गोड नको. मऊ भात मात्र जमतो: वाटीभर तांदळाला आठ-दहा वाट्या पाणी, मंद आचेवर पाऊण तास, मीठ वरून. पोटाला बरं नसलं की हाच.

दुधाचं सांभाळा. पूर्व आशियातल्या बहुतेकांना मोठेपणी दुधातली साखर नीट पचत नाही. पाहुणचार म्हणून दिवसातून चार चहा, वर बासुंदी, म्हणजे रात्रभर संडासच्या फेऱ्या, आणि दोष मात्र तिखटाला. दही, ताक सोसतं. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा.

घरची आठवण आल्यावर एक पदार्थ हमखास चालतो, टोमॅटो-अंडं. तीन अंडी चिमूटभर मिठात फेटायची. दोन चमचे तेल चांगलं तापवून अंडी टाकायची, मऊ असतानाच काढून घ्यायची. त्याच कढईत दोन मोठे टोमॅटो रस सुटेपर्यंत परतायचे, अर्धा चमचा साखर, मग अंडी परत. हळद, कांदा, मोहरी काही नाही. आपला हात आपोआप हळदीच्या डब्याकडं जातो आणि त्याची भुर्जी होते. घर शाकाहारी असेल तर ते संस्थेला मूल ठरवतानाच सांगायचं. पहिल्यांदा "नको" म्हटलं तर ते सभ्यपणाचं असू शकतं, दुसऱ्यांदा विचारावं. तिसऱ्यांदा वाढू नये.

शनिवार

नातेवाईक. यांना आधीच बसवून सांगावं: गलवान नाही, कोरोना नाही, वटवाघूळ नाही, "चिंकी" तर अजिबातच नाही. पंधरा वर्षांचं मूल कोणत्याही सरकारचा वकील नसतं. बोलायला विषय लागतोच, तर शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले, शिजियाझुआंगला त्यांचं स्मारक आहे. एवढं पुरतं, आणि अर्ध्या घरालाही ते नवीनच असतं.

सणाचं कॅलेंडर मांडून ठेवावं. त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा हा घरच्यांनी एकत्र जेवायचा दिवस. ती कधी आपल्या कोजागरीलाच येते, २०२५ साली ६ ऑक्टोबरला तशी आली होती, तर कधी महिनाभर आधी पडते. त्या संध्याकाळी त्याला लग्नाला, बारशाला ओढत नेऊ नये, फोन मोकळा ठेवावा.

रविवार

सहलीचं ठरवताना अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. त्यानं वर्णन केलेला डोंगरातला विहार म्हणजे अजिंठा असावं, असं अभ्यासक मानतात. त्याचं नाव चिनी मुलांना शाळेपासून माहीत असतं, त्यामुळं इथं माहिती देणाऱ्याच्या आधी लेकरूच बोलायला लागतं. परदेशी तिकिटाचा दर वेगळा आणि बराच जास्त, तो घरच्या हिशेबात आधी धरावा. लेण्यांत फ्लॅश चालत नाही. छत्रपती संभाजीनगरात लष्कराच्या छावणीच्या भागातून जाताना फोन खिशात ठेवायला सांगायचं.

लातूरहून हे एका दिवसात होत नाही. मुक्काम लॉजवर असेल तर फॉर्म सी ते भरतात. मावशीकडं असेल तर मावशीच्या घरावर नवा फॉर्म, त्याच चोवीस तासांत, आणि मावशीचं खातं अजून उघडलेलं नाही.