स्विफ्टचं पुढचं उजवं चाक मागे का? मुळाशी पोहोचलो

मागच्या नोंदीत कॉइलओव्हर किट (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअब्जॉर्बर) बसवून गाडी 30 मिलिमीटर खाली आली, इथपर्यंत लिहिलं होतं. नव्यांसाठी थोडक्यात: 2008 ची पहिल्या पिढीची स्विफ्ट, 1.3 पेट्रोल, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) 2390 मिलिमीटर, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर एकत्र असलेला उभा भाग), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई). बेळगावातच वाढलेली गाडी. चोर्ला घाटाच्या वळणांवर ती घट्ट बसावी म्हणून हा सगळा खटाटोप.

गाडी खाली आल्यावर जे आधी नजरेत भरत नव्हतं ते दिसायला लागलं. समोरून पाहिलं की डावं चाक मडगार्डच्या कडेला आलेलं, उजवं किंचित आत. बाजूनं पाहिलं तर उजवं चाक वरच्या मडगार्डच्या कमानीच्या मधोमध नाही, दाराच्या अंगाला सरकलेलं. चालवतानाही जाणवत होतं. आपल्याकडे रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे जाणं समजू शकतं. ही मात्र काकतीच्या पुढे हायवेवर स्टिअरिंग सैल सोडलं की उजवीकडे, डिव्हायडरकडे जायची.

पहिला संशय अर्थातच किटवर. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची डावीकडे 341, उजवीकडे 343 मिलिमीटर भरली. स्प्रिंगची टोकं आपापल्या खाचेत होती, वरचे माउंट नीट बसलेले, दोन्ही कॉइलओव्हरचे उंची ठरवणारे कॉलर एकाच मापावर. एवढ्यावरून किटला दोष देता येत नव्हता.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन तपासणं. पहिल्या ठिकाणी नुसता टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) लावून दिला आणि कागदावर सगळं हिरवं दाखवलं. चाक कमानीत मागे आहे म्हटल्यावर तिथला माणूस म्हणाला, "दादा, कॅम्बर बोल्ट टाका, होतंय सगळं." मी नको म्हटलं. टाय रॉड (स्टिअरिंग रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) फिरवून टो शून्यावर आणता येतो, पण त्यानं मागे सरकलेलं चाक पुढे येत नाही. कॅम्बर बोल्टनं चाक वरून आत-बाहेर झुकतं, पुढे-मागे सरकत नाही. दोन्हींनी आकडे सुधारतात आणि मूळ दोष आत तसाच राहतो. या गाडीत कंपनीनं पुढे फक्त टो बदलायची सोय दिली आहे. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर झुकाव) किंवा कॅस्टर (बाजूनं पाहताना चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) बिघडलेला दिसला तर कुठला तरी भाग वाकलाय, झिजलाय किंवा जागेवरून हललाय असंच समजायचं.

दुसऱ्या ठिकाणी मशीनवर सगळे कोन काढून मागितले. डावा कॅम्बर उणे 1.0 अंश, उजवा उणे 0.4. कॅस्टर डावीकडे 4.0, उजवीकडे 3.2. उजवं चाक डाव्याच्या 8 मिलिमीटर मागे. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको, असा साधारण दंडक आहे. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बर आणि कमी कॅस्टर असलेल्या बाजूला ओढते. माझ्याकडे दोन्ही गोष्टी उजवीकडेच होत्या, म्हणून रस्त्याच्या उताराला न जुमानता ती उजवीकडे जात होती.

पण खरा उलगडा एसएआय (स्टिअरिंग ॲक्सिस इन्क्लिनेशन) या आकड्यानं केला. बऱ्याच ठिकाणी तो काढतच नाहीत, तुम्ही मागून घ्या. स्ट्रटचं वरचं टोक आणि खालचा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो गोळ्याचा सांधा) यांना जोडणारी रेषा समोरून पाहताना आत झुकलेली असते, तिचा हा कोन. माझ्या गाडीत डावीकडे 13.0, उजवीकडे 12.4. आता यात त्या-त्या बाजूचा कॅम्बर मिळवा; तो उणे आहे, म्हणून वजा होतो. डावीकडे 13.0 मधून 1.0 गेले, उरले 12.0. उजवीकडे 12.4 मधून 0.4 गेले, उरले 12.0. बेरीज दोन्हीकडे सारखी! स्ट्रट वाकला असता, नकल (चाकाचा हब धरणारा भाग) वाकलं असतं किंवा स्ट्रट-नकलचे दोन बोल्ट आपल्या भोकांत सरकले असते, तर ही बेरीज एका बाजूला बिघडली असती. बेरीज जुळते आणि दोन्ही आकडे उलटसुलट बदलतात, याचा अर्थ बॉल जॉइंटच जागेवरून हललाय. डावा बाहेर गेलाय, उजवा आत आलाय.

उरल्या दोन शक्यता: लोअर आर्म (बॉल जॉइंटला क्रॉस मेंबरशी जोडणारा खालचा हात) वाकलेला किंवा अख्खा क्रॉस मेंबर (दोन्ही आर्म ज्यावर बसतात ती पुढची आडवी फ्रेम) सरकलेला. दोन्ही आर्म काढून एकमेकांसमोर ठेवून ताडले, बुशच्या (रबरी सांध्यांच्या) भोकांपासून बॉल जॉइंटपर्यंतचं अंतर सारखं निघालं. आर्म सरळ होते.

मग मोजमाप खालून घेतलं. मडगार्डवरून मापं घेऊन निष्कर्ष काढू नका. ते बोल्टवर बसतं आणि बसवताना चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे सहज होतं. गाडीच्या पोटाला कारखान्यातच पाडलेली संदर्भाची भोकं असतात, ती खरी. गवंड्याकडून ओळंबा आणला. दोन्ही बॉल जॉइंटखाली आणि मागच्या दोन भोकांखाली तो सोडून फरशीवर खडूनं खुणा केल्या, गाडी ढकलून बाजूला काढली आणि भाच्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावून कर्ण मोजले. डाव्या पुढच्यापासून उजव्या मागच्यापर्यंतचा कर्ण दुसऱ्यापेक्षा 9 मिलिमीटरनं मोठा. क्रॉस मेंबर डावीकडे सरकलाय आणि थोडा फिरलाय हे फरशीवर स्वच्छ दिसलं.

खाली शिरून बोल्ट घासून पुसले. उजव्या मागच्या बोल्टच्या वॉशरच्या कडेला काळ्या रंगात चंद्रकोरीसारखी चकचकीत धातूची पट्टी उघडी पडलेली होती. जुना वॉशर आधी जिथे दाबून बसला होता तिथला तो ठसा. म्हणजे क्रॉस मेंबर कधीतरी सोडला गेला आणि परत बांधताना जागेवर आला नाही. स्टिअरिंग रॅकच्या कामासाठी पूर्वी एका गॅरेजात तो खाली उतरवला होता, तेव्हाचंच हे असणार. मूळ उंचीवर कमानीत मोकळी जागा भरपूर, म्हणून डोळ्यांत आलं नाही.

बोल्ट ढिले करून अंदाजानं ढकलून बसवणं मला पटत नव्हतं. भोकं बोल्टपेक्षा मोठी असतात, घट्ट करताना क्रॉस मेंबर परत हलतो. उद्यमबागेत ओळखीच्या लेथवर गेलो. फौंड्री आणि मशीनशॉपचं गाव असल्याचा हा फायदा, असली किरकोळ कामंही कुणी परत पाठवत नाही. बोल्टच्याच आट्यांच्या दोन पिना करून घेतल्या. वर खांदा असा की क्रॉस मेंबरच्या भोकात बरोबर बसेल. लेथवाले काका भोकाचं माप पाहून म्हणाले, "पॉइंट वन ढिला ठेवतो. हातानं आत गेला पाहिजे, हातोडी लावायची नाही."

इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्यावर जॅकचा आधार दिला, कारण मागचं इंजिन माउंट क्रॉस मेंबरवरच येतं. स्टिअरिंग रॅकही त्यावरच बसतो, म्हणून स्टिअरिंग सरळ ठेवून बांधून टाकलं. समोरासमोरच्या कोपऱ्यांत पिना लावल्या, उरलेले बोल्ट हातानं लावून मग टॉर्क पान्यानं सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाला आवळले, शेवटी पिना काढून त्या जागी बोल्ट. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर आणून, गाडीचं वजन पडल्यावरच आवळले. चाक लटकत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि लवकर फाटतं. गाडी खाली आणलेल्या प्रत्येकानं हे नव्या उंचीवर करायलाच हवं.

आता मशीनवर कॅम्बर डावीकडे उणे 0.8, उजवीकडे उणे 0.7. कॅस्टर 3.7 आणि 3.5. चाकांतला पुढे-मागे फरक 1 मिलिमीटर. टो सगळ्यात शेवटी लावला, स्टिअरिंग मधोमध आलं. हायवेवर गाडी सरळ धरते. जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत जाऊन आलो, उखडलेल्या पट्ट्यांवर ब्रेक दाबला तरी स्टिअरिंग हातातून खेचलं जात नाही. उजव्या आणि डाव्या वळणात पकड सारखी वाटते, आणि मला या किटकडून हेच हवं होतं.

डाव्या टायरची आतली कड तळहात फिरवला की खरखरीत लागते, ती झीज आता थांबते का यावर नजर ठेवणार आहे. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे तोडलं की उजवीकडचं प्लास्टिक लाइनर अजून थोडं घासतं, त्याची क्लिप सैल आहे असं दिसतंय. मागच्या टॉर्शन बीमचा थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेला धरून सरळ आहेत की तिरकी, तो कोन) अजून पाहायचा आहे. निपाणी, खानापूर, कोल्हापूरकडे कुणाची याच पिढीची, सस्पेन्शनला हात न लावलेली स्विफ्ट असेल तर एसएआय आणि कॅस्टरचे आकडे काढून कळवा, मला ताडून पाहायचे आहेत. पिना माझ्याकडेच आहेत, कुणाला लागल्या तर घेऊन जा.