आमची वाटचाल : मोरचुदापासून मिथेनॉलपर्यंत

१९८७ साली अण्णांनी कुपवाड एमआयडीसीत शेड घेतली ती मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, करायला. तासगाव-मिरज भागात द्राक्षबागा वाढत होत्या, आणि ढगाळ हवेत वेलीवर केवडा रोगाची बुरशी दिसली की मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाशिवाय बागायतदाराचं भागत नसे. भंगारातलं तांबं, गंधकाचं आम्ल, वाफ आणि दोन कामगार एवढ्यावर धंदा उभा राहिला. माझ्या शाळेच्या शर्टाच्या बाह्या कायम निळ्या असायच्या. शाई सांडली म्हणून मी मास्तरांचा मारही खाल्लाय.

मी रसायनशास्त्र शिकून २००४ मध्ये शेडवर आलो, तेव्हा मोरचुदात राम उरला नव्हता. बागायतदार तयार बुरशीनाशकांकडे वळले होते आणि तांब्याचा भाव आमच्या नफ्यापेक्षा वेगाने हलायचा. पाच वर्षं कशीबशी ढकलली. मग एका उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं कॅटलिस्ट, बनवणाऱ्या कंपनीसाठी कॉपर कार्बोनेट करून द्यायला लागलो. तिथे कळलं की तेच तांबं वेगळ्या रूपात दिलं तर किलोला कितीतरी जास्त पैसे देणारी माणसं आहेत. २०१३ मध्ये तांबं, जस्त आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) यांच्या मिथेनॉल कॅटलिस्टची आमची पहिली ऑर्डर आली. मिथेनॉल म्हणजे इंधन म्हणूनही चालणारं एक अल्कोहोल, ते कार्बनचे वायू आणि हायड्रोजन यांच्यापासून या कॅटलिस्टवर बनतं. वीस किलोची, एका प्रयोगशाळेच्या पथदर्शी संयंत्रासाठी.

पुस्तकात कृती सोपी दिसते. तांबं, जस्त आणि ॲल्युमिनियमची नायट्रेटं पाण्यात विरघळवायची, सोडा ॲशच्या द्रावणाबरोबर पासष्ट-सत्तर अंशाला एकाच टाकीत सोडायची, पीएच सातच्या आसपास धरायचा. साका खाली बसतो, तो मुरवायचा, गाळायचा, धुवायचा, वाळवायचा, तीन-साडेतीनशे अंशाला भाजायचा आणि ग्रॅफाइट मिसळून गोळ्या पाडायच्या. आम्ही तसंच केलं. गोळ्या देखण्या झाल्या, हातोडीने फुटेनात. प्रयोगशाळेत रिॲक्टर चालू झाला, पहिल्या दिवशी मिथेनॉल छान आलं, तिसऱ्या दिवशी निम्म्यावर आलं आणि आठवड्यात कॅटलिस्ट मेलं. तपासणीत गोळ्यांतच गंधक सापडलं.

गंधक येणार नाही तर काय! त्याच शेडमध्ये सव्वीस वर्षं मोरचूद शिजत होतं. फिल्टर प्रेसची कापडं तीच, पंप तेच, जमिनीच्या भेगांतसुद्धा सल्फेट. मिथेनॉलच्या तांब्याला गंधक म्हणजे विष आहे. रिॲक्टरात जाणाऱ्या वायूत ते ०.१ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत एक दशांश भागाच्या, वर चालत नाही. तांब्याच्या पृष्ठावर ते जाऊन बसतं आणि जागा सोडत नाही.

या उद्योगाचा इतिहासही गंधकाभोवतीच फिरतो, हे मला नंतर वाचताना कळलं. जर्मनीत बीएएसएफने १९२३ मध्ये मिथेनॉल बनवायला सुरुवात केली ती जस्त आणि क्रोमियमच्या ऑक्साइडवर, अडीचशे-तीनशे बार दाबाला, साडेतीनशे-चारशे अंशाला. तांबं याहून चपळ आहे हे माहीत होतं, पण कोळशापासून काढलेल्या वायूत गंधक इतकं की तांबं टिकायचं नाही. इंग्लंडच्या आयसीआयने १९६६ मध्ये तांब्यावर चालणारी कमी दाबाची पद्धत आणली, कारण तोवर नॅफ्था किंवा नैसर्गिक वायू वाफेबरोबर तापवणाऱ्या सुधारक भट्टीतून स्वच्छ वायू मिळायला लागला होता. म्हणजे चाळीस वर्षं तांबं दाराबाहेर उभं होतं, ते फक्त घर स्वच्छ नव्हतं म्हणून. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “मग आपलं घर कधी झाडतोस?”

झाडलं. मोरचूद बंद केलं, टाक्या भंगारात दिल्या, फरशी उखडून नवी घातली. निर्णय लिहायला एक ओळ लागते, पण घरात महिनाभर कुणी नीट बोलत नव्हतं. तांबं आता नायट्रिक आम्लात विरघळवायचं, म्हणजे पिवळसर तपकिरी धूर, म्हणजे तो धुऊन काढणारा स्क्रबर, म्हणजे आणखी कर्ज.

पुढचा माल गंधकातून सुटला आणि क्लोराइडमध्ये अडकला. आम्ही साका बोअरच्या पाण्याने धुवत होतो आणि आमच्या बोअरचं पाणी मचूळ. क्लोराइड राहिलं की तांब्याचे बारीक कण एकमेकांकडे सरकतात, चिकटतात, मोठे होतात. आणि कण मोठा झाला की काम करायला पृष्ठ कमी उरतं. निर्क्षारित पाण्याचं संयंत्र घेतलं. आज आमच्या खर्चात तांब्याखालोखाल पाणी येतं, आणि धुतलेल्या पाण्यातलं सोडियम नायट्रेट आटवून वेगळं काढण्याचा खर्च त्यातच धरलाय.

या सगळ्यात रंगाची गोष्ट मात्र आम्हाला कुणी शिकवली नाही. अण्णांच्या काळापासूनचे आमचे मामा टाकीपाशी असायचे. शाळा चौथीपर्यंत, पण मोरचुदाचा खडा बघून आम्ल कमी पडलं की जास्त ते सांगायचे. साका आधी निळा असतो. मुरताना एका घटकेला तो हिरवट होतो. तेव्हाच पीएच जरासा खाली जाऊन परत वर येतो आणि आत मॅलाकाइटसारखे स्फटिक तयार होतात, ज्यांत जस्त तांब्याच्या शेजारी अणूअणूने बसतं. घाई करून त्याआधी गाळलं तर कॅटलिस्ट सामान्य निघतं. मी घड्याळ लावून अर्ध्या तासाने गाळायला सांगितलं होतं. मामांनी व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि म्हणाले, “दादा, अजून निळंच हाय बघा. हिरवं हुईस्तवर हात लावायचा न्हाई.” त्या दिवसापासून आमच्या बॅचशीटवर वेळेच्या रकान्याशेजारी रंगाचाही रकाना आहे.

कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करणाऱ्या कॅटलिस्टकडे आम्ही २०१७ मध्ये वळलो, तेही मागणी आली म्हणून. आम्हाला वाटलं, कॅटलिस्ट तेच, फक्त वायू बदलला. तसं नाही. एका कार्बन डायऑक्साइडला तीन हायड्रोजन लागतात आणि प्रत्येक मिथेनॉलमागे पाण्याचा एक रेणू सुटतो. नेहमीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, तो हे पाणी खाऊन टाकतो. शुद्ध कार्बन डायऑक्साइड असला की पाणी तिथेच राहतं, गरम वाफ होऊन गोळ्यांत फिरतं आणि तांब्याचे व जस्ताचे कण वाढवतं. त्याच गोळ्या तिथे वर्षानुवर्षं चालायच्या, इथे काही आठवड्यांत मंदावल्या. शिवाय पन्नास बार, अडीचशे अंशाला एका फेरीत वायूचा साधारण पाव हिस्साच बदलतो, आणि त्यातलाही बराचसा उलट कार्बन मोनॉक्साइडकडे जातो. तापमान वाढवावं तर मोनॉक्साइड वाढतो, उतरवावं तर क्रिया रेंगाळते.

ॲल्युमिना पाण्याला धरून ठेवतो, झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) तितकं धरत नाही. म्हणून आम्ही ॲल्युमिना कमी करून झिर्कोनिया घातला. टिकाऊपणा सुधारला, पण गोळ्या ठिसूळ झाल्या. मशीनच्या डायवर त्यांचा भुगा व्हायचा. तो प्रश्न सोडवायला दीड वर्ष गेलं आणि उत्तर काय निघालं ते इथे लिहिणार नाही, स्पर्धकही वाचतात. पाण्याने आमच्या मालाचं काय होतं ते मात्र २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईनेच दाखवलं. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि सांगलीतल्या भाड्याच्या गोदामात आमचे अकरा ड्रम चिखल होऊन बाहेर आले.

एक अपघात सांगायलाच हवा, नवीन मुलांसाठी. कॅटलिस्ट वापरण्याआधी त्यातलं कॉपर ऑक्साइड हायड्रोजनने तांब्यात बदलावं लागतं. तेही अगदी थोडा हायड्रोजन नायट्रोजनमध्ये मिसळून, हळूहळू तापवत, नाहीतर गोळ्या स्वतःच्याच उष्णतेने भाजतात. असं तयार झालेलं तांबं उघड्या हवेत आणलं की पेटतं. आमच्या एका इंजिनिअरने चाचणीनंतर रिॲक्टर उघडून माल कापडावर ओतला. काळ्या गोळ्या बघता बघता लाल झाल्या आणि कापड जळालं. नशिबाने हात वाचला.

लोक विचारतात, मग हवेतला धूर पकडून इंधन करणं परवडतं का? हिशेब करा. एक टन मिथेनॉलला सुमारे १.३८ टन कार्बन डायऑक्साइड आणि १८८ किलो हायड्रोजन लागतो. पाण्यापासून हायड्रोजन काढायला किलोमागे ५०-५५ युनिट वीज, म्हणजे टनामागे दहा हजार युनिटच्या घरात. त्यापुढे आमच्या कॅटलिस्टचा खर्च चटणी-मिठाएवढा. ‘कॅटलिस्ट सुधारलं की भाव उतरेल’ असं सांगणाऱ्यांना मी हात जोडतो. वीज स्वस्त असेल तिथेच हे जमतं. आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगीला भूगर्भातल्या उष्णतेच्या विजेवर २०१२ मध्ये कारखाना उभा राहिला आणि २०१५ मध्ये तो वर्षाला चार हजार टनांपर्यंत वाढवला, त्याला नाव नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांचं. तिथेही भूगर्भातून येणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, तो आधी काढावा लागायचा. आपल्याकडे एनटीपीसीने मध्य प्रदेशात विंध्याचलला दिवसाला दहा टनांचं संयंत्र उभारलंय, कोळशाच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर.

माझा डोळा मात्र ऊसपट्ट्यावर आहे. इथल्या डिस्टिलरीत एक टन इथेनॉलमागे जवळपास तितकाच कार्बन डायऑक्साइड आंबवणीच्या टाकीतून निघतो, तोही बराच शुद्ध. शीतपेयवाले आणि सुका बर्फ करणारे थोडा नेतात, बाकी हवेत जातो. दोन वर्षांपूर्वी एका डिस्टिलरीच्या वायूवर छोटी चाचणी घेतली. पहिल्याच आठवड्यात कॅटलिस्ट मंदावलं. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, “गंधकच आसणार.” साखर पांढरी करायला रस गंधकाच्या धुराने शुद्ध करतात, मळीत ते उतरतं, आणि यीस्टही आपला वाटा टाकतं. आता कॅटलिस्टच्या आधी झिंक ऑक्साइडच्या गोळ्यांचा एक थर लावलाय, तो गंधक अडवतो. चाचणी चालू आहे.

ऑक्टोबर छाटणी झाली की आजही तासगावकडचे दोन-तीन जुने बागायतदार गेटवर येतात आणि अण्णांना विचारतात, मोरचूद आहे का. अण्णा त्यांना चहा पाजतात, दुसऱ्या गाळ्याचा पत्ता देतात. बागेत भुरी रोगासाठी गंधकाची भुकटी मारून आलेल्या त्यांच्या गाड्या मात्र आम्ही गेटच्या बाहेरच लावायला सांगतो.