आजीव सभासदांचे पैसे गेले कुठे?

डॉक्टरांची असो, इंजिनिअरांची असो नाहीतर आर्किटेक्टांची, एखाद्या संघटनेचा वार्षिक अहवाल हातात पडला की मी अध्यक्षांचं मनोगत, सत्काराचे फोटो वगैरे सोडून थेट ताळेबंद उघडतो. डावीकडे 'आजीव सभासद निधी' किती ते बघायचं आणि मग उजवीकडे तेवढ्या एफड्या आहेत का ते शोधायचं. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी नसतात.

हिशोब काही अवघड नाहीये. पस्तिशीतला माणूस एकदाच पैसे भरतो आणि पुढची चाळीस वर्षं त्याला अंक, नोटिसा, व्याख्यानं, डिरेक्टरी सगळं द्यायचं असतं. समजा 500 जणांनी 5,000 रुपये भरले, झाले 25 लाख. 7 टक्क्यांनी वर्षाला पावणेदोन लाख व्याज, म्हणजे माणशी 350 रुपये, त्यात छपाई, पोस्ट आणि ऑफिसातल्या माणसाचा पगार बसवायचा. बसत नाहीच, पण निदान 350 तरी येतात! होतं काय की एखादे उत्साही अध्यक्ष येतात, आपल्या कारकिर्दीत 'स्वतःची वास्तू' झालीच पाहिजे म्हणतात, सगळा निधी हॉलमध्ये ओततात, कोनशिलेवर नावं लागतात आणि पुढच्या कमिटीच्या गळ्यात लाईटबिल, प्रॉपर्टी टॅक्स आणि ज्यांच्याकडे आता वर्गणी मागताच येत नाही असे 500 सभासद.

मग हॉल साड्यांच्या सेलला द्या, कॉन्फरन्समध्ये स्टॉल विका, स्पॉन्सर आणा. इथे इन्कम टॅक्स आडवा येतो. अशा संस्था बहुतेक करून 'सार्वजनिक उपयोगिता' या सदराखाली धर्मादाय ठरतात आणि त्या सदरात धंदेवाईक स्वरूपाची जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या वर गेली की त्या वर्षाची करमाफी धोक्यात. सुप्रीम कोर्टानेही ऑक्टोबर 2022 च्या निकालात ही मर्यादा चांगलीच कडक वाचलीय. शिवाय उत्पन्नातले किमान 85 टक्के उद्देशांवर खर्च करायचे, शिल्लक साठवायची तर तिचे वेगळे नियम. हॉल कुणाला तीन वर्षांच्या वर भाड्याने लावायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी, नंतरची फक्त अपवादात्मक परिस्थितीत.

वर्गणीवरच्या जीएसटीचा तर वेगळाच गोंधळ. सभासद आणि संस्था एकच, स्वतःच स्वतःला सेवा कशी विकणार, असा युक्तिवाद होता, तो मोडायला 2021 मध्ये कायदा बदलला, तोही 1 जुलै 2017 पासून मागे जाऊन. एप्रिल 2025 मध्ये केरळ हायकोर्टाने डॉक्टरांच्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) केरळ शाखेच्या केसमध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. आपल्या खजिनदारांना यातलं काही विचारलं की ते सीएंकडे बोट दाखवतात, सीए कमिटीकडे.

आणि हे सगळं ठरतं कुठे, तर सर्वसाधारण सभेत. कोरमअभावी (किमान ठरलेली हजेरी नाही म्हणून) सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा सुरू, तिला कोरमची गरज नाही. हिशेबपत्रकं? मंजूर, मंजूर. अंदाजपत्रक? मंजूर. मग जेवण. शेकडो सभासदांच्या पैशाचा निर्णय वीसपंचवीस माणसं भुकेल्या पोटी घेतात, त्यातली निम्मी कमिटीचीच. (बाकीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भ्रष्टाचार, भ्रष्टाचार म्हणून ओरडतात पण सभेला येत नाहीत, तेही सांगायला हवं.)

कमिटी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करायचा अर्ज, टाकायचा असतो. दोन गट असले की एक टाकतो, दुसरा हरकत घेतो, प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहतं, तोवर बँक विचारते सही कुणाची. मग कुणीतरी दयाळू माजी सचिव जुन्याच सहीवर कारभार रेटत राहतो.

माझं म्हणणं एवढंच की आजीव वर्गणी हे उत्पन्न नाहीच, ते देणं आहे. ती एफडीत राहावी, फक्त व्याज खर्च व्हावं आणि बांधकामाला पैसे हवे असतील तर त्या नावाने वेगळी देणगी मागावी, लोक देतात. पुढच्या सभेत 'आजीव निधी किती आणि कुठे गुंतवलाय' हा एकच प्रश्न लेखी द्या, सभेच्या आधी, आयत्या वेळच्या विषयात नको. ऑफिसात येऊन बघा असं उत्तर आलं तर धर्मादाय कार्यालयात दाखल केलेल्या ऑडिट रिपोर्टची नक्कल अर्ज करून, फी भरून मिळते. वेळ लागतो, चकरा मारायला लावतात, पण मिळते.