कोणता पांढरा?

माझी ऑस्ट्रियन पलटण, म्हणजे नेपोलियनच्या काळातल्या शिपायांच्या मी रंगवलेल्या छोट्या मूर्ती, टेबलावर मांडलेली पाहिली की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: “या कोटांना पांढरा कोणता वापरलात?” तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या कोटांना मी पांढरा लावलेलाच नाही. शुद्ध पांढरा येतो तो अगदी शेवटी, आणि तोही छातीवरून तिरक्या जाणाऱ्या चामडी पट्ट्यांवर.

हे समजायला मला एक अख्खी पलटण खर्ची घालावी लागली. 28 मिलिमीटर उंचीचे चोवीस सैनिक होते. डबीतला पांढराशुभ्र रंग घेऊन मी त्यांना तीन-तीन हात दिले. एकेक हातात धरून पाहताना ते बरे वाटत होते. मांडून दिवा लावला, तर कोटाच्या सगळ्या चुण्या नाहीशा. चुना फासलेले चोवीस पुतळे उभे होते. मग खोलगट जागा दिसाव्यात म्हणून वरून काळा वॉश, म्हणजे खाचांत साचणारा खूप पातळ रंग, ओतला. त्याने तर कोटांवर काजळी धरली. ती पलटण रंगकाढणीच्या डब्यात गेली तेव्हा वाईट वाटलं, कारण त्यात कित्येक संध्याकाळी गेल्या होत्या.

मी पांढरा रंग रंगवत होतो, कापड रंगवायचं राहूनच गेलं होतं. हे कोट लोकरीचे. अठराव्या शतकात ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्पेन यांनी पायदळाला पांढरे कोट दिले त्यामागे पैशाचा हिशेब मोठा होता: न रंगवलेली लोकर स्वस्त पडते. निळ्यासाठी नीळ लागते आणि ती समुद्रापलीकडून येते. इंग्लंडशी वैर आणि समुद्र त्यांच्याच ताब्यात, म्हणून निळीची चणचण झाली, तेव्हा नेपोलियननेही 1806 मध्ये आपल्या निळ्या पायदळाला पांढरे कोट द्यायला सुरुवात केली. काही रेजिमेंटना ते मिळाले आणि 1807 मध्ये बेत गुंडाळला गेला. पांढऱ्यावर मळ लपत नाही, हे त्या कोटांनी फार लवकर दाखवलं.

आता विचार करा, न रंगवलेली लोकर पांढरी असते का? ती असते मोतिया, सायीसारखी, कधी राखेकडे झुकणारी. सात वर्षांच्या युद्धातल्या (1756–63) फ्रेंच पायदळाच्या रंगाचं नावच मुळी ‘ग्री-ब्लाँ’, म्हणजे करडा-पांढरा. त्यात पाऊस, चिखल, चुलीचा धूर, आणि डाग झाकायला चोळलेली पांढरी माती. 1809 मध्ये वाग्रामच्या लढाईत नेपोलियनसमोर उभ्या असलेल्या ऑस्ट्रियन शिपायाचा कोट मला असाच दिसतो.

म्हणून माझा पहिला हात असतो मळकट, उबदार करड्याचा. त्याखालचा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पायाचा थर, तोही करडाच. काळ्या प्रायमरवर फिकट रंग चढवायला पाच-सहा हात लागतात आणि तेवढ्यात बारकावे बुजतात. त्यावर व्हॅलेहो या रंगकंपनीचा ‘डेक टॅन’ किंवा तसलाच कुठलाही फिकट करडा-पिवळसर रंग, फक्त खोलगट जागा सोडून. मग त्यात ‘आयव्हरी’, म्हणजे हस्तिदंती रंग, मिसळत चुण्यांच्या धारेवर, खांद्यावर, दंडाच्या वरच्या बाजूला. नुसती आयव्हरी शेवटच्या दोन-चार रेघांपुरती. पांढरा राखून ठेवला असेल तरच उजेड दाखवायला काही उरतं. पहिल्याच हाताला तो संपवला की वर जायला जागा नाही.

हात पातळ हवेत, पण पाण्यासारखे नकोत. पांढऱ्याकडे झुकणाऱ्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतो. पाणी जास्त झालं की तो वाळताना भुकटीसारखा खरखरीत दिसतो. दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्या. ओल्यावर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा थर उचलला जातो.

वॉश सगळ्या अंगावर ओतू नका. पट्ट्याची कड, बाहीचा सांधा, कोटाच्या शेपटाची घडी, एवढ्याच ठिकाणी पातळ तपकिरी, बारीक ब्रशने. तपकिरी सावली मोहिमेवरचा कोट दाखवते. निळसर करडी सावली दिली तर तोच शिपाई संचलनाला निघालेला वाटतो. माझं मत मोहिमेच्या बाजूने आहे. 15 मिलिमीटरच्या सैनिकांना मधली पायरी गाळा आणि पट्ट्याकडेची रेघ अधिक गडद करा, नाहीतर हातभर अंतरावरून पट्टा आणि कोट एकच दिसतात.

शेवटी मॅट वार्निश. लोकर चमकत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कॉलर आणि बाहीचे कफ आधी रंगवा, कोटाचा शेवटचा उजेड नंतर. ऑस्ट्रियन रेजिमेंट ओळखायच्या त्या याच रंगावरून आणि बटणांवरून: तिसरी आणि चौथी, दोघींचा रंग आकाशी, पण तिसरीची बटणं पांढरी, चौथीची पिवळी. आणि शेजारचा रंग कोटाचा पांढरा बदलतो. आकाशीशेजारी तीच आयव्हरी पिवळट वाटते, लालशेजारी किंचित हिरवट. आकाशी कॉलर असेल तर मी आयव्हरीत थोडा थंड करडा मिसळतो, लाल असेल तर ती आणखी उबदार करतो. तेव्हा रंग आणण्याआधी मला एवढं कळवा, तुमची रेजिमेंट कोणती?