असेसमेंटची रेटिंग आणि प्रोजेक्टचा निकाल: जुळवून पाहण्याचा माझा अनुभव

सॉफ्टवेअर कंपनीत काम करायच्या ठरलेल्या पद्धती, म्हणजे प्रोसेस, किती पक्क्या आहेत हे असेसर तपासतो आणि रेटिंग देतो; तीच असेसमेंट. चांगली रेटिंग मिळालेले प्रोजेक्ट खरंच वेळेत, बजेटमध्ये पार पडतात का, हे तपासायचं काम हाती आलं की पहिला अडथळा असतो तो अख्ख्या कंपनीला मिळालेल्या एकत्रित लेव्हलचाच (५ म्हणजे सर्वांत वरची). सगळ्या प्रोजेक्टवर एकच ‘लेव्हल ५’ लावलेली असेल तर तुलना करायची कशाशी? म्हणून ती लेव्हल बाजूला ठेवून मी प्रत्येक प्रोजेक्टमधल्या एकेका प्रोसेसची रेटिंग घेतली.

चौकट आयएसओ १५५०४ची, म्हणजे स्पाइस या प्रोसेस तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाची. २०१५पासून तिची जागा ३३०००च्या मालिकेने घ्यायला सुरुवात केली, पण प्रोसेसचा एकेक ॲट्रिब्यूट (गुणधर्म) किती साधला हे सांगणारी एन-पी-एल-एफ ही पद्धत कायम आहे: १५ टक्क्यांपर्यंत एन (नॉट), ५०पर्यंत पी (पार्शली), ८५पर्यंत एल (लार्जली), त्यापुढे एफ (फुली). यांना १ ते ४ गुण दिले आणि पहिल्या तीन लेव्हलच्या पाच ॲट्रिब्यूटची बेरीज केली. म्हणजे प्रत्येक प्रोसेसला ५ ते २० असा आकडा मिळतो. चौथ्या-पाचव्या लेव्हलचे ॲट्रिब्यूट मी गाळले. तिथे जवळपास सगळीकडे एनच असतो, आणि ज्या आकड्यात फरकच नाही त्याचा कशाशीच संबंध निघत नाही.

रेटिंग कधी दिली, हे तारखेनिशी पाहावंच लागतं. प्रोजेक्ट रखडलाय हे असेसरला आधीच ठाऊक असेल तर त्याचा हात आपोआप आखडतो. मग ते भाकीत राहत नाही, पंचनामा होतो. त्यामुळे निम्मा प्रोजेक्ट व्हायच्या आत झालेलीच असेसमेंट धरली. शिवाय असेसमेंटसाठी पुढे केले जातात ते बहुधा नीटनेटके प्रोजेक्ट. न निवडलेल्यांचीही रेटिंग करून घ्यावी लागते, तीही दोन असेसरकडून, एकमेकांचे गुण न दाखवता. दोघांचं किती जुळतं हे कोहेनच्या कप्पावरून कळतं; योगायोगाने जुळणारा भाग वजा करून काढलेलं हे माप. नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. सगळीकडे एल देणारे दोन असेसर शंभर टक्के जुळतात.

खरा घोळ निकालाच्या आकड्यांत असतो. सहा महिन्यांचा प्लॅन मध्येच री-बेसलाइन होऊन, म्हणजे नव्या तारखा हाच मूळ प्लॅन मानून, नऊ महिन्यांचा झाला आणि डिलिव्हरी नवव्या महिन्यात गेली, तर पोर्टलवर उशीर शून्य दिसतो. मूळ प्लॅनवर मोजला तर ५० टक्के. यातला किती वाढीव भाग क्लायंटने मागितलेल्या कामाचा आणि किती आपल्या चुकलेल्या अंदाजाचा, हे चेंज रिक्वेस्टच्या, म्हणजे बदलाच्या मागण्यांच्या, फायली उघडल्याशिवाय कळत नाही. मी मूळ प्लॅन धरला आणि मंजूर झालेल्या चेंज रिक्वेस्टचे दिवस तेवढे वजा केले. टाइमशीटचं रडगाणं वेगळंच: रोज आठ तास भरलेले, शनिवार-रविवार कोरे आणि रात्री अकराचे कमिट (कोड जमा केल्याच्या नोंदी) साक्षीला! अशा टाइमशीटवरून काढलेली उत्पादकता फुगलेली असते, म्हणून कमिटच्या वेळा पडताळून संशयास्पद प्रोजेक्ट वेगळे काढले.

क्लोजर रिपोर्ट, म्हणजे प्रोजेक्ट संपल्यावरचा अहवाल, नसलेले प्रोजेक्ट सरळ वगळायचा मोह होतो. वगळू नका. बोजवारा उडालेल्यांचेच रिपोर्ट सहसा लिहिले जात नाहीत, आणि ते गाळले की उरतं ते सगळं गोडगोड.

आकडेमोड त्यामानाने सोपी: स्पिअरमनचा सहसंबंध, म्हणजे रेटिंगचा क्रम आणि निकालाचा क्रम किती जुळतात याचं माप (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). मात्र मोजमाप कच्चं असेल तर खरा संबंध फिका दिसतो. समजा खरा सहसंबंध ०.५ आहे, रेटिंगची विश्वासार्हता, म्हणजे मोजमापाचा पक्केपणा, ०.७ (१ म्हणजे पूर्ण पक्कं) आणि निकालाची ०.६. या दोन विश्वासार्हतांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने ०.५ला गुणलं की हाती येतो जेमतेम ०.३२. संबंध निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणायला तीस प्रोजेक्टना पाच टक्के पातळीवर साधारण ०.३६ लागतो, म्हणजे ‘संबंध नाही’ असा निष्कर्ष निघणार, तोही चुकीचा. साठ प्रोजेक्ट असतील तर ०.२५च्या आसपास भागतं. म्हणून आधी संख्या मोजावी, मग सॉफ्टवेअर उघडावं.

संस्थेच्या आकारानुसार गट पाडणंही टाळता येत नाही. स्पाइसच्या चाचण्यांतल्या ५६ प्रोजेक्टवर एल एमाम आणि बिर्क या संशोधकांनी केलेला अभ्यास २००० साली आला. ५०पेक्षा जास्त आयटी कर्मचारी असलेल्या संस्थांत रिक्वायरमेंट ॲनॅलिसिसची (क्लायंटला नेमकं काय हवंय ते ठरवणाऱ्या प्रोसेसची) क्षमता आणि उत्पादकता यांचा संबंध त्यांना आढळला; छोट्या संस्थांत नाही. मला ते पटतं. दहा जणांच्या टीममध्ये जे चहाच्या टपरीवर ठरतं, त्याचा कागद असेसरला सापडत नाही. काम मात्र झालेलं असतं.

शेवटची चाळणी मॅनेजर आणि क्लायंटची. अनुभवी मॅनेजरला रेटिंगही चांगली मिळते आणि बऱ्याचदा क्लायंटही समजूतदार मिळतो; श्रेय प्रोसेसच्या खात्यावर जमा होतं. एकाच अकाउंटमधले, म्हणजे एकाच क्लायंटचे, प्रोजेक्ट आपसात ताडून पाहिले की हा भाग बराच गळतो. त्यानंतर जो संबंध उरतो, तेवढाच मी अहवालात लिहितो. सोबत प्रत्येक प्रोसेसचा ठिपक्यांचा आलेख आणि ठिपक्यांची संख्या जोडतो. एकत्रित लेव्हलचा रकाना अहवालात ठेवत नाही.